आवाज येते, शब्द नाही येत

मे महिन्यातली रात्र. पानं वाढलेली, खिडकीतला कूलर फुल स्पीडवर, आणि माझी मुलगी कॉलेजातल्या कुठल्याशा फजितीची गोष्ट सांगत होती. सरांची नक्कल, मैत्रिणीचं ततपप, मध्येच स्वतःच फिसकन हसणं, असं सगळं साग्रसंगीत. गोष्ट संपली तसे आम्ही हसलो. बाबाही हसले, पण जरा उशिरा, आमच्या तोंडांकडे पाहून. मग घास हातातच धरून त्यांनी विचारलं, "काय म्हणून राहिली ते?" मुलगी म्हणाली, "काही नाही आजोबा, असंच." तिच्या आवाजात चीड नव्हती की कंटाळा नव्हता, उलट लाडानेच म्हणाली, आणि म्हणता म्हणता त्यांच्या पानात लोणच्याची फोडही वाढली. बाबांनी मान हलवली आणि वरणाची वाटी पुढे ओढली. जेवणं झाली, भांडी विसळली गेली. ते 'काही नाही' मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

तिचंही बरोबर होतं. तीच गोष्ट पुन्हा सांगायची तर कूलरच्या वर आवाज चढवून सांगावी लागणार. ओरडून सांगितलेला विनोद कधी हसवत नाही, आणि दुसऱ्यांदा ओरडून सांगितलेला तर सांगणाऱ्यालाच ओशाळं करतो. ज्या घरात कमी ऐकू येणारं वडीलधारं माणूस आहे, तिथे हा हिशेब नकळत सगळेच करतात. गरजेचं असेल ते ओरडून सांगायचं, बिनगरजेचं सोडून द्यायचं. त्यामुळे बाबांच्या वाट्याला दिवसभरात येतं काय, तर "बीपीची गोळी घेतली का", "पाणी तापलं", "दार लावून घ्या". शेजारच्या घरचं भांडण, मावशीच्या सुनेचं नवीन खूळ, भाजीवाल्याशी झालेली हुज्जत, यांतलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि माणूस घरात राहतो तो खरं तर या बिनगरजेच्या गोष्टींवरच.

कूलरबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं! होळी झाली की माळ्यावरून उतरतो, ताट्या बदलतात, टाकीत पाणी भरायची पाळी कोणाची यावरून घराघरांत कटकटी होतात, आणि पाऊस स्थिरावेपर्यंत तो खिडकीत घुमत राहतो. पंख्याची घरघर, पंपाची टकटक, ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याची सरसर, हे सगळं मिळून जो एक भरीव आवाज होतो, तो कानाच्या दृष्टीने वाईटच. बोलण्यातला जोर असतो स्वरांमध्ये, आणि अर्थ बहुतेक व्यंजनांमध्ये. आता व्यंजनं, त्यातही स, श, च, फ, ही मुळात अशक्त आणि उंच पट्टीतली. वय झालं की कान आधी जातो तो याच पट्टीत, आणि कूलर उरलंसुरलं झाकून टाकतो. बाबांना 'चहा', 'सहा' आणि 'दहा' हे तिन्ही एकच ऐकू येतं: अहा. "दहा वाजता येतो म्हणाला" असं सांगितलं की ते म्हणतात, "आता नको, आत्ताच घेतला."

माझ्यासाठी मात्र तोच कूलर औषध आहे.

मला दोन्ही कानांत आवाज येतो. बारीक, उंच, एकसुरी, न थांबणारा. पहिल्यांदा जाणवला तो एका जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन कूलर बंद केला त्या रात्री. मला वाटलं स्वयंपाकघरात रातकिडा शिरला. उठून ओट्याखाली पाहिलं, सिलिंडरमागे पाहिलं, फ्रीजचं बटण बंद करून पाहिलं. नवऱ्याला उठवलं, तर तो म्हणे, "काहीच तर नाही येत आवाज." मग कानांत बोटं घातली, तर रातकिडा आणखीच मोठ्याने ओरडायला लागला. तेव्हा कळलं की तो ओट्याखाली नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडे सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले, त्यात कर्णनाद वेगळा आणि कर्णक्ष्वेड वेगळा लिहून ठेवला आहे. म्हणजे माझ्यासारखी मंडळी दोन हजार वर्षांपूर्वीही वैद्याकडे येऊन बसत असणार, आणि घरचे त्यांना "काहीच तर नाही येत आवाज" असंच सांगत असणार. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी कान तपासले, थोडी झीज आहे म्हणाले, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता वर न पाहता सांगितलं, "सवय करा." सल्ला चुकीचा नव्हता, हे मला पुढे वाचताना कळलं. पण सवय करायची म्हणजे करायचं काय, हे कोणी सांगेल तर ना!

मी प्राणिशास्त्र शिकवते. कानाची आकृती इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर काढली आहे की डोळे मिटून काढीन: अडीच वेढ्यांचं कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला शंख, उलगडलं तर साधारण ३५ मिलिमीटर लांब. त्यात आवाज टिपणाऱ्या केशपेशी: आतल्या ओळीच्या सुमारे ३,५००, बाहेरच्या ओळींच्या सुमारे १२,०००. दोन्ही मिळून साडेपंधरा हजार, आणि जन्माच्या वेळी मिळाल्या तेवढ्याच. मेल्या तर सस्तन प्राण्यांत पुन्हा येत नाहीत. कोंबडीला येतात! १९८८ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध आले. पक्ष्यांच्या कानातल्या केशपेशी आवाजाने मारल्या, तर शेजारच्या आधारपेशी विभागून नवीन केशपेशी तयार करतात. माशांनाही हे जमतं. माणसाने उत्क्रांतीच्या वाटेवर हे कौशल्य कुठे आणि का टाकून दिलं, यावर प्रयोगशाळा अजून झुंजत आहेत. वर्गात हे सांगितलं की मुलांना कोंबडीचा हेवा वाटतो, आणि मागच्या बाकावरून सावजीच्या रश्श्याबद्दल एखादा शेरा हमखास येतो.

कानाच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त आवडला तो टॉमस गोल्ड. १९४८ साली या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब मांडून सांगितलं की कान नुसता थरथरणारा पडदा असूच शकत नाही. आतल्या द्रवात एवढी बारीक कंपनं टिकणारच नाहीत, म्हणून कानात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलाच पाहिजे. आणि तसं असेल, तर कधीमधी कानातून आवाज बाहेरही पडला पाहिजे. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गेऑर्ग फॉन बेकेशी मृतांच्या कानांवर प्रयोग करून लाटेचा सिद्धान्त मांडत होता, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं, आणि गोल्ड खगोलशास्त्राकडे निघून गेला. मेलेल्या कानात अ‍ॅम्प्लिफायर दिसणार कसा? १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प याने जिवंत माणसाच्या कानात नाजूक मायक्रोफोन ठेवून पाहिला, आणि कान खरंच उत्तर देत होता. 'टिक्' असा आवाज सोडला की काही मिलिसेकंदांनी आतून बारीकसा प्रतिसाद बाहेर येतो. हे काम बाहेरच्या ओळींतल्या केशपेशींचं; त्या लांब-आखूड होत आवाज वाढवतात. भाचीचं बाळ झालं तेव्हा दवाखान्यात झोपलेल्या त्या मुठीएवढ्या जिवाच्या कानात नळी घालून नेमकं हेच तपासत होते. आजी लोक काळजीत, आणि मी मात्र "गोल्ड, गोल्ड" म्हणत उभी. (माझ्या कानातला रातकिडा हा तो आवाज नाही. तो येतो मेंदूतून, त्याकडे वळतेच.)

बाहेरच्या ओळींच्या या पेशी गेल्या की घरात एक भांडण हमखास सुरू होतं, आणि ते आमच्याकडे रोज होतं. मी बाबांना हळू हाक मारली, ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने मारली, नाही. मग अजून थोडी वर चढवली की ते दचकून म्हणतात, "ओरडून काहून राहिली? बहिरा आहो काय मी?" वर्षानुवर्षं आम्हाला वाटायचं हा बाबांचा स्वभाव. पुस्तकात त्याला 'रिक्रूटमेंट' म्हणतात. ऐकू न येण्याची हद्द वर सरकते, पण सहन होण्याची हद्द होती तिथेच राहते, आणि मधली पट्टी चिंचोळी होत जाते. हळू ते ऐकू येत नाही, मोठं ते टोचतं. हे कळल्यावर भांडण थांबलं असं नाही. पण त्याला आता कोणी स्वभाव म्हणत नाही.

बाबांचे कान गिरणीत गेले. विणकाम खात्यात ते पोरवयात लागले आणि पोरांची लग्नं होईपर्यंत राहिले. मागाच्या धोट्यांचा तो खडखडाट शंभर डेसिबलच्या आसपासचा. कारखान्यासाठी आपल्याकडे आठ तासांची मर्यादा ९० ची आहे, आणि डेसिबलचा हिशेब असा की दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाला काय, तर कापसाचा बोळा. तोही बरेच जण घालत नसत, कारण मागाचा आवाज बदलला की धागा तुटल्याचं कळतं, आणि ते कळलं नाही तर पगार कापला जातो. त्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, ४,००० हर्ट्झला एक खाच आहे. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने त्यावर पेन टेकवून विचारलं, "काका, कुठे काम करत होते तुम्ही?" मोठ्या आवाजात वर्षं काढणाऱ्या माणसाच्या कानाला पहिली खाच तिथेच पडते, मग तो मागवाला असो, बॉयलर ठोकणारा असो की डीजेच्या भिंतीशेजारी नाचणारा असो. म्हातारपण पुढे ती खाच दोन्ही बाजूंनी खणून उतार करून टाकतं, तरी बाबांची अजून ओळखू येते. कागदाच्या त्या चतकोर तुकड्यावर त्यांची सगळी नोकरी होती. त्यांनी तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

मारबत आणि गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत जे चालतं, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. वस्तीत रात्री ४५ डेसिबल असा नियम २००० सालापासून आहे. एवढं लिहून पुढे जाते, नाहीतर लेख तिकडेच जाईल.

"आवाज येते, शब्द नाही येत," हे बाबा पहिल्यापासून म्हणायचे, आणि आम्हाला ते कारण सांगितल्यासारखं वाटायचं. चाचणीच्या खोलीत बारीक 'बीप' ऐकू येतात, मग लग्नाच्या पंगतीत काय होतं? २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग मी त्यासाठीच वाचला. उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत. पण केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधले सांधे मोजले, तर काही भागांत निम्मे तुटलेले, आणि ते पुन्हा जुळले नाहीत. आवाज आला की नाही एवढं सांगायला थोडे सांधे पुरतात. गोंगाटातून शब्द वेचायला सगळे लागतात. माणसांत हे किती आणि कसं लागू पडतं यावर वाद चालू आहे, आणि तो असावाही. पण म्हातारी माणसं जे तक्रारवजा सांगत आली, ते धरून कोणी शोधायला निघालं की काय हाती लागतं, हे पाहून मला बरं वाटलं.

कान जाण्याच्या वाटा तरी किती! पूर्वी टीबीला स्ट्रेप्टोमायसिन टोचत, त्याने जीव वाचायचा आणि कान जायचे. आमच्या वाड्यातल्या एका काकू तशाच होत्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी. कॉक्लियाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तिला पर्यायी रस्ता नाही, त्यामुळे विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथे अडकल्या तर कान धोक्यात येतो. सिकलसेलच्या रुग्णांत बहिरेपण जास्त आढळतं. वर्गात पहिल्या बाकावर बसूनही पुन्हा पुन्हा विचारणारी एखादी मुलगी असते, तिला आळशी ठरवण्याआधी मी हल्ली हे आठवते.

आणि माझा रातकिडा? त्याचं सगळ्यांत पटणारं स्पष्टीकरण असं: कानाकडून येणारा मजकूर कमी झाला की मेंदू आपली बाजू वाढवतो. लहानपणी आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. दूरचं स्टेशन लागेना म्हणून बाबा आवाजाचं बटण पिळत जायचे, आणि स्टेशन यायचं नाही, खरखर तेवढी वाढायची. तेच. ऐकण्याची नस कापली तरी काही जणांचा आवाज जसाच्या तसा राहतो, म्हणजे तो कानात नसतोच. याहून मजेची गोष्ट १९५३ ची. हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगल्या कानाच्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं: शीळ, गुणगुण, घंटी. म्हणजे कमीअधिक प्रमाणात हे सगळ्यांकडेच आहे. माझा प्रश्न होता तो एवढाच, की मग मीच का रात्री दोन वाजता भिंतीकडे पाहत बसते?

बाबांसाठी कानाचं मशीन घेतलं. किमती ऐकून ते उठूनच चालले होते. पहिल्या आठवड्यात घरात कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची घडी, आणि स्वतःचंच चावणं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आदळायला लागलं. "सगळं मोठ्ठं ऐकू येते, नेमकं काहीच नाही." मशीन गेलं ड्रॉवरमध्ये, विक्सच्या डबीशेजारी. तेव्हा एक नातेवाईक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले: मशीन लावा, विस्मरण टाळा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाला वरचं स्थान दिलं आहे, हे खरं. पण मशीनने विस्मरण खरंच थांबतं का, हे तपासणारी मोठी चाचणी अमेरिकेत झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक पडला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. कात्रणात ४८ होतं, आधीचं वाक्य नव्हतं. मला विचाराल तर मशीन लावायला विस्मरणाची भीती दाखवायची गरजच काय? नातीची गोष्ट ऐकू यावी, एवढं कारण पुरत नाही का?

त्याच सुमारास मी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे जायला लागले. सहज गेले नाही. कानाचा त्रास घेऊन मनाच्या माणसाकडे जायचं म्हणजे "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे कबूल करण्यासारखं वाटत होतं. पण आकडे तिकडे बोट दाखवत होते. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने या त्रासावरच्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, २८ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण २,७३३ माणसं. निष्कर्ष बेताचा आणि म्हणून मला विश्वासार्ह वाटला: आवाजामुळे आयुष्यावर होणारा परिणाम उपचारानंतर कमी झालेला दिसतो. आवाज मात्र तेवढाच राहतो.

बाईंनी वहीत लिहायला सांगितलं: त्रास केव्हा झाला, कुठे, मनात काय आलं. मला वाटलं होतं, आवाज मोठा तेव्हा त्रास मोठा. वहीत तसं निघालं नाही. त्रास मोठा होता तो बाबांशी काही बिनसलं त्या रात्री. लग्नाहून आलो आणि ते गाडीत गप्प होते, त्या रात्री. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं आणि त्यांना कळलं नाही म्हणून नंबर गेला, त्या रात्री. बाईंनी विचारलं, तेव्हा मनात काय येतं? मी म्हटलं, माझंही बाबांसारखं होणार. त्या म्हणाल्या, "बाबांसारखं म्हणजे नक्की काय होणार?" मी शास्त्रातली सगळी उत्तरं तयार ठेवून बसले होते, केशपेशी, हर्ट्झ, सांधे. आणि तोंडातून निघालं, "मलाही सगळे 'काही नाही' म्हणतील."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मग माझं वाक्य त्यांनी मलाच, माझ्याच शब्दांत, परत ऐकवलं.

ही परत ऐकवायची पद्धत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रूढ केली. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ओहायोत मानसोपचाराच्या बैठका ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तोवर बंद दाराआड काय बोलणं होतं हे उपचार करणाऱ्याच्या आठवणीवरच कळायचं. तबकड्या वाजवून ऐकल्या तेव्हा लक्षात आलं की समोरच्याला बोलू देतो असं समजणारे लोक स्वतःच किती बोलतात, किती वळवतात. गंमत अशी की बाबांचे कान तपासणाऱ्या त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने मशीनची सेटिंग बदलून देताना घरच्यांसाठी जे सांगितलं, तेही जवळपास हेच होतं. आधी नावाने हाक मारा, तोंडावर उजेड असू द्या, ओरडू नका, आणि नाही कळलं तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. आणि बाबांना म्हणाली, "काका, नुसतं 'काय?' म्हणू नका. जेवढं आलं तेवढं बोलून दाखवा, उरलेलं विचारा." बाबांना हे फार पटलं. कुठे धागा तुटला ते दाखवायचं, एवढंच तर काम. आता ते म्हणतात, "सर आले, मग खुर्चीवर बसले, पुढचं गेलं." मग पुढचंच तेवढं सांगावं लागतं. सगळं पुन्हा सांगायचं नाही म्हटल्यावर आमच्या मुलीलाही ते जड जात नाही.

कूलरचा प्रश्न तरीही होताच. जेवताना तो बंद करावा तर मे महिन्यात माणसं पानावर शिजतील. चालू ठेवावा तर बाबा बाहेर पडतात. बंद केला की माझा रातकिडा ताटाशी येऊन बसतो, ते वेगळंच. एकाच बटणावर बापलेकीची अशी विरुद्ध गरज. शेवटी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तिथे जेवायचं ठरलं. चटया, ठेचा, भाकरी, वर कोणाच्या तरी लग्नाचा बँड लांबून. मोकळ्यावर आवाज भिंतींवरून परत येत नाही, त्यामुळे बाबांना तिथे घरातल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. काही रात्री त्यांचे गिरणीतले एक दोस्त येतात, ते याहून बहिरे. दोघं समोरासमोर बसतात आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत बोलतात, कारण मागांच्या खडखडाटात सगळे तसेच बोलत. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतही बायकांची अशीच भाषा तयार झाली होती असं मी वाचलं आहे. करोनात सगळ्यांनी तोंडं झाकली तेव्हा या दोघांचं जग बंदच पडलं होतं. आता दोघं एकमेकांकडे टक लावून भराभर ओठ हलवतात, मांडीवर थाप मारतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, मधूनच आमच्याकडे पाहतात. आम्हा चांगल्या कानवाल्यांना एक शब्द कळत नाही. माझी मुलगी हैराण. "आई, हे माझ्यावर हसून राहिले ना?"

माझा रातकिडा आहे. वही बंद केली तरी आहे, हे लिहितानाही आहे. काही रात्री त्याच्याकडे लक्ष जातं आणि काही रात्री जात नाही. ज्या रात्री जात नाही त्या आठवत नाहीत, हा या उपचाराचा तोटाच म्हणायचा.

परवा वर्गात कान शिकवत होते. कोंबडीचं सांगून झालं, सावजीचा शेरा येऊन गेला. कधी न बोलणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पण कोंबडीच्या कानात असा नसलेला आवाज येते का, हे आपल्याला समजंन कसं? ते थोडीच सांगते." मला प्रश्न इतका आवडला की मी खडू ठेवला. कोंबडीचं नाही, पण उंदराचं सांगितलं. १९८८ मध्ये पावेल यास्त्रेबॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तहानलेल्या उंदरांना सतत चालू असलेल्या आवाजात पाणी प्यायला शिकवलं. तो आवाज बंद झाला की पायाला विजेचा झटका. उंदीर शिकले, आवाज थांबला की पाणी थांबवायचं. मग त्यांना अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध दिलं, ज्याच्या मोठ्या मात्रेने माणसाच्या कानातही घंटी वाजायला लागते. बाहेरचा आवाज बंद केला, तरी हे उंदीर पाणी पीतच राहिले. त्यांच्या लेखी आवाज थांबलाच नव्हता.

वर्ग जरा वेळ बोलला नाही. त्या मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं, यास्त्रेबॉफचं स्पेलिंग विचारून घेतलं, आणि मग पेन वर धरून म्हणाली, "मॅडम, हे पेपरात येते का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्या उंदराचं काय केलं नंतर, ते सांगा ना."